अमेरिकेत मागे राहिलेली गाडी दान करायचीय, पण किल्ली नाही आणि टायटलही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर आम्ही इथे न्यू जर्सीत रोज ऑनलाइन वाचतो, आणि तुमच्या महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कितीतरी जणांची मुलं-मुली, सुना-जावई इकडे आहेत, त्यामुळे हे पत्र दोन्हीकडच्या लोकांसाठी आहे असं समजा. इथून कायमचं भारतात परत जाणारी माणसं गाडी मागे सोडून जातात, ती कुठल्या तरी संस्थेला दान करू असं फोनवर ठरतं, आणि मग कळतं की किल्ली सामानातून पुण्याला गेलीय आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, कुठे आहे ते कुणालाच आठवत नाहीये. याच्यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून लिहितेय.

हे एखाद्या-दुसऱ्या घरातलं नाहीये. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, २०१७ पासून हा नियम आहे, तेवढ्यात दुसरी नोकरी बघा, स्टेटस बदला नाहीतर देश सोडा. त्या ६० दिवसांतले बरेचसे दिवस नोकरी शोधण्यातच जातात, कारण शेवटपर्यंत आशा असते, आणि मग जेव्हा जायचं नक्की होतं तेव्हा हातात दोन-तीन आठवडे उरलेले असतात, त्यात मुलांचे शाळेचे दाखले, घराचं लीज तोडायचं, फर्निचर विकायचं, सामान शिपिंगला टाकायचं, बँकेची कामं, आणि गाडी तर शेवटच्या दिवसापर्यंत लागतेच, कारण इथे गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. मग विमानतळावर सोडायला आलेल्या मित्राला सांगितलं जातं, तुझ्याच पार्किंगमध्ये राहू दे, महिन्याभरात विकून टाक, नाहीच विकली गेली तर कुठेतरी दान करून टाक. मित्रही हो म्हणतो. माझ्या ओळखीत अशा कितीतरी गाड्या बघितल्यात, आणि प्रत्येक वेळी अडकतो तो मागे राहिलेला मित्र, कारण गाडी त्याच्या दारात असते आणि त्याच्या हातात कागद एकही नसतो.

आधी टायटल म्हणजे काय ते सांगते, कारण इथे आठ-दहा वर्षं राहिलेल्यांचाही यात घोळ होतो. आपल्याकडे आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड असलं की गाडी कुणाची हेही कळतं आणि गाडी रजिस्टर झालीय हेही कळतं, एकच कागद दोन्ही कामं करतो. अमेरिकेत हे दोन वेगळे कागद आहेत. रजिस्ट्रेशन कार्ड हे गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी, ते दर वर्षा-दोन वर्षांनी रिन्यू होतं, म्हणून लोकांना तेच माहीत असतं आणि ते गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेलं असतं. टायटल हा मालकीचा कागद, राज्य सरकार देतं, एकदाच मिळतो, आणि गाडी विकताना किंवा दान करताना त्याच्यावर मालकाची सही लागते. तो कागद वर्षानुवर्षं कुणाला लागतच नाही, त्यामुळे तो कुठल्यातरी फाइलमध्ये, लग्नाच्या सर्टिफिकेटबरोबर, मुलांच्या लसीकरणाच्या कागदांबरोबर जातो आणि घर आवरताना ती फाइल कुठल्या बॅगेत गेली हे देवालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. किल्ली नसलेली गाडी दान करता येते का? येते, बऱ्याच संस्था घेतात. टायटल नसलेली? तशीच्या तशी सहसा नाही, पण टायटल हरवलं म्हणजे मालकी हरवली असं नसतं, सरकारच्या रेकॉर्डमध्ये नाव असतंच, त्यामुळे डुप्लिकेट काढता येतं. फक्त ते ज्याचं नाव रेकॉर्डवर आहे त्यानेच, किंवा त्याने ज्याला पॉवर ऑफ अटर्नी दिलीय त्याने काढायचं असतं. मित्र कितीही जवळचा असो, गाडी कितीही महिने त्याच्या दारात उभी असो, त्याला नुसतं काउंटरवर जाऊन टायटल मिळत नाही. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय की हलायचं आहे ते भारतात परत गेलेल्या माणसाने, इथे थांबलेल्याने नाही.

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे हे आधी डोक्यात ठेवा, एका राज्यातल्या माणसाचा सल्ला दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. आमच्या न्यू जर्सीत डुप्लिकेट टायटलला ६० डॉलर लागतात. टेक्सासमध्ये व्हीटीआर-३४ नावाचा फॉर्म आहे, पोस्टाने पाठवला तर फक्त २ डॉलर आणि प्रत्यक्ष गेलात तर ५ डॉलर ४५ सेंट, इतकं स्वस्त. कॅलिफोर्नियात आरईजी २२७ हा एकच फॉर्म हरवलेल्या टायटलसाठीही आहे आणि त्याच फॉर्मवर मालकी दुसऱ्याला देताही येते, म्हणजे डुप्लिकेट येईपर्यंत थांबा, मग सही करा, मग द्या असं करावं लागत नाही, त्यामुळे तिकडच्या संस्था सही केलेला हा फॉर्म घेऊन गाडी उचलतात. फी बदलत राहते, तेव्हा अर्ज करायच्या आधी त्या त्या राज्याच्या डीएमव्हीच्या (आपल्या आरटीओसारखं खातं) साइटवर बघून घ्या, आणि साइट सरकारीच आहे ना तेही बघा, कारण सर्च केल्यावर वरती येणाऱ्या कितीतरी साइट खासगी असतात आणि त्याच फॉर्मचे वर पैसे लावतात.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. गाडी लोनवर घेतली असेल तर टायटलवर बँकेचा बोजा असतो, त्याला इथे लीन म्हणतात. कितीतरी राज्यांत लोन फिटेपर्यंत टायटल बँकेकडेच असतं, आणि आजकाल तर ते कागदावरही नसतं, नुसतं इलेक्ट्रॉनिक असतं. म्हणजे जो माणूस "टायटल हरवलं, टायटल हरवलं" म्हणून घर उलथंपालथं करतोय त्याला मुळात ते कधी मिळालेलंच नसतं! लोन फिटलं पण बोजा रेकॉर्डवरून उतरलाच नाही असंही होतं. अशा वेळी आधी बँकेकडून लीन रिलीजचं पत्र घ्यायचं, त्याशिवाय डुप्लिकेट निघालं तरी त्याच्यावर बँकेचं नाव असणार आणि संस्था ते घेणार नाही. कॅलिफोर्नियात तर त्या २२७ फॉर्मवर बँकेची सही नोटराइज करून लागते. आणि गाडी लीजवर असेल तर विषयच संपला, ती आपली नाहीच, लीज कंपनीची आहे, ती त्यांना परत करायची, दान वगैरे करता येत नाही.

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये घडलेलं सांगते. एक कुटुंब नाशिकला परत गेलं, त्यांची करड्या रंगाची सेडान पार्किंगच्या कोपऱ्यात उभी. सगळा हिवाळा तिच्यावर बर्फ पडत राहिला, टायर बसले, मार्चमध्ये अपार्टमेंट ऑफिसने काचेवर नारिंगी स्टिकर लावला की अमुक तारखेपर्यंत हलवा नाहीतर टो करू. एकदा टो झाली की टोचा खर्च, मग यार्डात उभी राहिल्याचं रोजचं भाडं, आणि ते बिल ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या मागे लागतं, म्हणजे नाशिकला बसलेल्या माणसाच्या. शेजारचा मुलगा बिचारा, त्याला गाडी सांभाळायला सांगितली होती, तो घाबरून गेला. दोन्ही किल्ल्या नाशिकला. टायटल मिळेना. मग आम्ही दोघी-तिघी बसलो. पहिलं काम काय केलं तर गाडीच्या पुढच्या काचेतून, ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डच्या कोपऱ्यात जो १७ अक्षरी व्हीआयएन नंबर (आपल्याकडचा चासी नंबर) असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढला. दार उघडायची गरज नाही, बाहेरून दिसतो, फक्त काचेवरचा बर्फ आणि रस्त्यावरून उडालेलं मीठ पुसायला लागतं. हा नंबर मिळाला की पुढचं सगळं त्याच्यावर चालतं, बँक असो, डीएमव्ही असो नाहीतर संस्था असो. नाशिकहून बँकेला फोन लावला तेव्हा कळलं की लोन दोन वर्षांपूर्वी फिटलंय पण बोजा तसाच आहे. त्यांनी ईमेलवर पत्र मागवलं, ते यायला वेळ लागला, मधल्या काळात ऑफिसला लेखी कळवलं की गाडी दान करायची प्रक्रिया चालू आहे, मुदत वाढवून द्या, आणि त्यांनी दिली. लेखी मागितलं की देतात, तोंडी सांगितलं तर नाही, एवढा अनुभव आहे.

मग पॉवर ऑफ अटर्नी. भारतात बसून अमेरिकन कामासाठी नोटरी कशी करायची हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आपल्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीचा शिक्का इथे प्रत्येक ठिकाणी चालेल असं नाही, त्याला बऱ्याचदा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लावायचा सरकारी शिक्का, मागतात (भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, परराष्ट्र मंत्रालय करून देतं). सरळ रस्ता म्हणजे मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेट आहे, तिथे अपॉइंटमेंट घेऊन नोटरी होते, दर शिक्क्याला ५० डॉलर. महाग वाटतं, पण तो कागद मग कुणी नाकारत नाही. ऑनलाइन व्हिडिओ कॉलवरची नोटरीही आता अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कायदेशीर आहे, पण ज्या ऑफिसात कागद द्यायचाय त्यांना आधी विचारा की तुम्हाला ही चालेल का. नाशिकच्या कुटुंबाने बीकेसीला जाऊन केलं, कुरियरने पाठवलं, मग शेजारच्या मुलाला त्यांच्या वतीने डुप्लिकेट टायटल काढता आलं आणि त्याच्यावर सहीही करता आली.

आता हे टाळण्यासाठी लोक काय करतात ते सांगते आणि कळकळीने सांगते की करू नका. व्हॉट्सॲपवर सहीचा फोटो पाठवतात आणि मित्राला म्हणतात बघून बघून तशीच ठोकून दे. ही खोटी सही आहे, सरकारी कागदावरची आहे, आणि करणारा तो मित्र असतो ज्याचा स्वतःचा व्हिसा, ग्रीन कार्ड अजून लटकलेलं असतं. तुमच्या जुन्या गाडीपायी त्याच्यावर केस झाली तर? दुसरा प्रकार म्हणजे जाताना टायटलवर मागे सही करून घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून देऊन जायचं. वाटतं की सोय केली, पण तो कागद कुणाच्याही हातात गेला तर तो माणूस आपलं नाव टाकतो किंवा न टाकता पुढे विकतो, आणि रेकॉर्डवर मालक तुम्हीच राहता, मग त्या गाडीचे टोल, पार्किंगचे दंड, अगदी अपघात झाला तरी पहिलं पत्र तुम्हालाच. जायच्या आधी नीट नोटराइज केलेली पॉवर ऑफ अटर्नी करून द्यायला अर्धा तास लागतो हो, इथे बँकेच्या शाखेतसुद्धा नोटरी असतो.

नवरा-बायको दोघांच्या नावावर गाडी असेल तर अजून एक बघा. कॅलिफोर्नियात दोन नावांच्या मध्ये "ऑर" असेल तर कुणा एकाची सही चालते, "अँड" असेल किंवा नुसती तिरकी रेघ असेल तर दोघांची लागते. ती एवढीशी रेघ गाडी घेताना कुणी बघत नाही. नवरा बंगळुरूला, बायको अजून इथे प्रोजेक्ट संपवतेय, असं असलं की मग त्या रेघेपायी महिने जातात.

विद्यार्थ्यांचं वेगळंच. सीनियर पास होऊन दुसऱ्या राज्यात जातो, गाडी ज्युनिअरला देतो, पैसे झेल (Zelle) या बँकांच्या ऑनलाइन सेवेने दिले जातात, टायटल नावावर करायचं राहून जातं, पुढे तो ज्युनिअर पास होतो तेव्हा तिसऱ्याला देतो. अशा गाडीचं दान करायला गेलात तर रेकॉर्डवरचा मूळ मालक शोधायला लागतो. तो सापडला तर उत्तम. नाहीच सापडला तर काही राज्यांत बाँडेड टायटल नावाची सोय आहे, टेक्सासमध्ये गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड घ्यावा लागतो, म्हणजे कुणी खरा मालक पुढे आला तर त्याची भरपाई होईल. जुन्यापुराण्या गाडीसाठी एवढं करणं परवडतं का हा ज्याचा त्याने विचार करावा, मला विचाराल तर गाडी हातात घेतानाच नावावर करून घ्या.

आणि एक अवघड प्रसंग, त्यावर बोलायला कुणी धजावत नाही पण आता आपली पहिली पिढी इथे सत्तरी-ऐंशीत आहे म्हणून लिहिते. काका गेले, गॅरेजमध्ये त्यांची गाडी तशीच, काकूंनी कधी चालवली नाही, किल्ली कुठे ठेवायचे ते त्यांनाच माहीत. मुलं म्हणतात संस्थेला देऊन टाकू. गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी काकूंच्या नुसत्या सहीने जात नाही, आणि काकांनी आधी दिलेली पॉवर ऑफ अटर्नी असेल तर ती त्यांच्याबरोबरच संपलेली असते. पण कोर्टातच जायला लागतं असंही नाही. कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर ४० दिवस झाले की आरईजी ५ नावाचं प्रतिज्ञापत्र देऊन वारसाला गाडी घेता येते, अर्थात बाकी मिळकतीचं प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काचं कोर्टातलं काम, चालू नसेल तर. बाकी राज्यांतही अशा काही ना काही सोयी आहेत. डेथ सर्टिफिकेटच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच काढून ठेवा.

किल्लीचं म्हणाल तर ती कागदापुढे लहान गोष्ट आहे, पण तिच्यानेही फरक पडतोच. किल्ली नसली की स्टिअरिंग लॉक असतं, गिअर पार्कमधून निघत नाही, त्यामुळे गाडी ढकलून ट्रकवर चढत नाही. आमच्या इथल्या त्या सेडानला न्यायला आलेल्या ड्रायव्हरने आधी चारही टायरमध्ये हवा भरली, मग जी चाकं फिरत नव्हती त्यांच्याखाली छोट्या चाकांच्या डॉली सरकवल्या आणि ट्रकच्या तारेने हळूहळू गाडी वर ओढून घेतली, शेजारच्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. त्याला हे करायला बाजूला मोकळी जागा लागते, म्हणून फोन करतानाच स्पष्ट सांगायचं की किल्ली नाहीये, टायर बसलेत, पुढे-मागे गाड्या लागलेल्या असतात, नाहीतर तो साधा ट्रक घेऊन येतो आणि तसाच परत जातो. किल्ली नसलेल्या गाडीला लिलावात किंमतही कमी येते, कारण घेणाऱ्याला इंजिन चालू करून बघता येत नाही. नवीन चिपवाली किल्ली डीलर किंवा लॉकस्मिथ करून देतो, पण तोही मालकाचं ओळखपत्र आणि रजिस्ट्रेशन मागतो, आणि त्याचा खर्च जुन्या गाडीसाठी करण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा भारतातून कुरियरने मागवा, रिमोटमधला छोटा सेल काढून पाठवा म्हणजे कुरियरवाले लिथियम बॅटरीवरून अडवणार नाहीत, आणि इथे येणारं कुणी असेलच तर त्याच्या हातात द्या.

गाडी बंद असली तर आतलं सामान आतच राहतं हेही लक्षात घ्या. ग्लोव्ह बॉक्समध्ये रजिस्ट्रेशनवर घरचा पत्ता असतो, डिकीत मुलाची कार सीट, टोलचा ई-झेडपास काचेला चिकटलेला, आणि डॅशबोर्डवर गणपती. लॉकस्मिथकडून नुसतं दार उघडून घेता येतं, त्याला नवीन किल्लीएवढा खर्च नाही, तेवढं करून सगळं काढून घ्या. त्या सेडानमधला गणपती आमच्या शेजारच्या मुलाने स्वतःच्या गाडीत ठेवलाय.

आता दान कुणाला आणि कशासाठी, यावर माझं मत जरा ठाम आहे. गाडी दान केली की टॅक्समध्ये गाडीची पूर्ण किंमत वजा होते असं आपल्या लोकांत अजून बोललं जातं, ते खरं नाही. पूर्वी लोक मनाला येईल ती किंमत लावायचे. अमेरिकन संसदेची जी हिशेबतपासणी संस्था आहे, जीएओ, तिने २००३ च्या अहवालात काही दानांचा माग काढला, ५४ गाड्यांचा, आणि त्यातल्या जवळजवळ दोनतृतीयांश गाड्यांच्या बाबतीत दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी पैसे संस्थेच्या हातात पडले होते. त्यानंतर २००४ मध्ये कायदा बदलला आणि २००५ पासून नियम असा की संस्थेने गाडी तशीच विकली तर ज्या किमतीला विकली तेवढीच वजावट. म्हणजे तुम्ही इंटरनेटवर बघून म्हणालात गाडी चार हजारांची आहे आणि किल्लीशिवाय ती लिलावात ९०० डॉलरला गेली, तर वजावट ९०० ची. ५०० डॉलर किंवा त्याखाली विकली गेली तर ५०० किंवा बाजारभाव, जे कमी असेल ते. ५०० च्या वर असेल तर संस्थेने फॉर्म १०९८-सी द्यायला हवा, विक्री झाल्यापासून ३० दिवसांत, तो भारतातल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर कसा मिळेल ते आधीच ठरवून घ्या. आणि हे सगळं फक्त आयटमाइज करणाऱ्यांना, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांना, स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्याला गाडीच्या दानाचा टॅक्समध्ये काही फायदा नाही. वर्षाच्या मध्येच देश सोडलेल्यांना मात्र ड्युअल-स्टेटस रिटर्न (वर्षाचा काही भाग रहिवासी, काही भाग अनिवासी म्हणून) भरावं लागत असेल तर स्टँडर्ड डिडक्शन मिळतच नाही, त्यांनी टॅक्सवाल्याला नक्की विचारावं. भारतात ८०जी मध्ये हे बसत नाही, तोही प्रश्न मला विचारून झालाय.

म्हणून मी म्हणते टॅक्ससाठी देऊ नका, द्यायचीच तर कामासाठी द्या आणि संस्था बघून द्या. कितीतरी संस्था स्वतः गाडीला हातही लावत नाहीत, मध्ये एक कंपनी असते ती गाडी उचलते, लिलाव करते, स्वतःचा खर्च कापून उरलेले पैसे संस्थेला देते. हे बेकायदेशीर नाही, पण किती उरतं ते विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि विचारल्यावर सरळ सांगत नसतील तर दुसरी संस्था बघावी. आयआरएसच्या (इथलं आयकर खातं) साइटवर करमुक्त संस्थांची यादी शोधता येते, तिथे नाव आहे का बघा. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी गाड्या घेते आणि ते पैसे घरं बांधायच्या कामाला जातात. मेरीलँडमध्ये व्हेइकल्स फॉर चेंज म्हणून संस्था आहे, ती दान आलेल्या गाड्या दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वस्तात देते आणि तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना मेकॅनिकचं काम शिकवते. अमेरिकेत ज्यांनी बसची वाट बघत दिवस काढलेत त्यांना कळेल की एखाद्या एकट्या आईला चालती गाडी मिळाली म्हणजे काय मिळालं, रात्रपाळीची नोकरी घेता येते, मुलाला पाळणाघरातून वेळेत आणता येतं. आणि संस्था गाडी दुरुस्त करून वापरणार असेल किंवा गरजूला देणार असेल तर वजावटही बाजारभावाने मिळते, कायद्यातच तशी सोय ठेवलीय. पण अशा संस्थांना गाडी द्यायची तर टायटल साफ हवं आणि किल्ली हातात हवी, कारण त्यांना ती पुढच्याच्या नावावर करून द्यायची असते. कागद नसलेली गाडी शेवटी भंगारातच जाते, म्हणूनच एवढं पोटतिडकीने लिहितेय.

इकडच्या मराठी मंडळांनाही विनंती आहे. गणेशोत्सवाला, दिवाळीला आपण हॉल भरून जमतो, तिथे परत जाणाऱ्यांसाठी एक टेबल लावा, एखादा माहितगार माणूस बसवा, पॉवर ऑफ अटर्नीचा त्या राज्याचा कोरा फॉर्म ठेवा. आणि तिकडे पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात जे आई-वडील हे वाचतायत त्यांनी मुलगा परत आला की त्याला विचारा, गाडीचं काय केलंस. लाजून किंवा कंटाळून तो सांगत नाही. त्याच्या बॅगेत, कपाटातल्या त्या फाइलमध्ये एकदा बघा, राज्याचं नाव आणि मोठ्या अक्षरात सर्टिफिकेट ऑफ टायटल लिहिलेला रंगीत जाड कागद असतो. मिळाला तर सही न करता आधी संस्थेला विचारा कुठे सही करायची, कारण खाडाखोड झाली की तो कागद बाद होतो आणि परत डुप्लिकेटचं सगळं आलं.

गाडी गेल्यावर दोन कामं राहतात ती लगेच करा. एक म्हणजे नंबर प्लेट, आमच्या न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कमध्ये त्या काढून सरकारला परत कराव्या लागतात, कॅलिफोर्नियात साध्या प्लेट गाडीबरोबरच जातात पण तिथे ५ दिवसांत डीएमव्हीला ऑनलाइन कळवायचं असतं की गाडी आता माझी नाही. आणि इन्शुरन्स प्लेट परत केल्याची पावती मिळाल्यावरच बंद करा, आधी नको. टो ट्रकवाल्याने दिलेल्या पावतीचा फोटो, त्यावर तारीख आणि व्हीआयएन दिसेल असा, दोन्हीकडच्या माणसांनी जपून ठेवा, चार-सहा महिन्यांनी एखादं दंडाचं पत्र आलंच तर तोच कागद उपयोगी पडतो.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी